कोसबाडच्या टेकडीखालीं

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी पुष्कळ वर्षें अमेरिकेंत असतो. गेल्या दिवाळींत त्यानें शाळेस एक मोठी देणगी देऊं केली. अट एकच, त्या पैशांतून प्राथमिक वर्गांकरितां टॅब्लेट घ्यावे. वर्ग चाळीस मुलांचा, म्हणून टॅब्लेटहि चाळीस. एवढी रक्कम नाकारण्याचें धैर्य आमच्या चालकमंडळास नव्हतें, आणि डोळे मिटून ती स्वीकारावी असेंहि त्यास वाटेना. अशा वेळीं मंडळें जें करतात तेंच त्यानें केलें, अहवाल मागविला. दुसरीच्या वर्गावर एकतीस वर्षें घालविलेली मी शाळेंत सर्वांत जुनी, त्यामुळें तें काम माझ्या गळ्यांत पडलें.

अहवाल घरीं बसून लिहितां आला नसता असें नाहीं. हल्लीं या विषयावर दोन्ही बाजूंनीं इतकें लिहिलें जातें कीं, ज्याला जें हवें तें त्यानें उचलावें. शाळांतील यंत्रांविषयीं युनेस्कोनें २०२३ सालीं एक मोठा अहवाल काढला आणि हीं साधनें नेमकीं कोणाच्या सोयीसाठीं येतात असा प्रश्न त्यांत विचारला. त्याच सुमारास स्वीडनसारखें पुढारलेलें राष्ट्र लहान मुलांच्या हातीं पुनः छापील पुस्तकें देण्याकडे वळलें. उलट बाजूस, आपल्या बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोडचे चौकोन येऊन बसले आहेत, आणि 'दीक्षा' हें सरकारी दालन २०१७ पासून शिक्षकांकरितां खुलें आहे. दोन्हींकडचीं अवतरणें घेऊन चार पानें भरणें मला अवघड नव्हतें. पण मध्येंच मृणालचा फोन आला.

मृणाल ही माझी १९९७ सालची विद्यार्थिनी. वर्गांत सर्वांत मागें बसून खिडकीबाहेर पाहणारी. हिचें पुढें कसें व्हावयाचें अशी तिच्या आईस सदा काळजी. २०१० सालीं ठाणें जिल्हा परिषदेंत शिक्षिका म्हणून तिची नेमणूक झाली ती थेट डहाणू तालुक्यांत. २०१४ च्या ऑगस्टांत पालघर जिल्हा वेगळा झाला, लग्न होऊन तिचें घर बोर्डीस झालें, आणि पुण्याकडे बदली मागण्याचें तिनें सोडून दिलें. अहवालाचें ऐकतांच ती म्हणाली, "बाई, तुम्ही आधीं माझी शाळा बघा. मग काय लिहायचं तें लिहा."

संक्रांत झाल्यावर मी निघालें. पुणेकरांस कोंकण म्हटलें कीं रत्नागिरी-मालवणच आठवतें. मुंबईच्या उत्तरेसहि कोंकण आहे हें आम्ही सोयीस्करपणें विसरतों. दादरहून विरार आणि विरारहून डहाणू रोड असा लोकलचा प्रवास आहे. डहाणूपर्यंत लोकल जाऊं लागली ती २०१३ सालीं. विरार मागें पडलें कीं इमारतींची गर्दी एकाएकीं ओसरते. वैतरणेची खाडी लागते. भरतीचें पाणी तिवरांच्या मुळ्यांत शिरलेलें, आणि पूर्वेस दूरवर डोंगरांची निळसर रांग. सफाळें, केळवें रोड, पालघर अशीं स्टेशनें येत गेलीं. बोईसरला कामगारांचा मोठा लोंढा उतरला आणि डबा एकदम रिकामा झाला. माझ्या समोरच्या बाकावर एक तरुण आई आपल्या दोन-अडीच वर्षांच्या मुलास मोबाइल देऊन बसली होती. मुलाचे डोळे त्या कांचेवर खिळलेले. बाहेर बगळ्यांचा थवा उडाला तेव्हां मीं संवयीनें "तो बघ!" म्हटलें. त्यानें पाहिलें नाहीं. आईनें मात्र पाहिलें, आणि ओशाळून ती म्हणाली, "दोन रात्री दवाखान्यांत जागून काढल्यात हो." माझ्या ओठांवर आलेलें व्याख्यान मीं गिळून टाकलें.

डहाणूहून बोर्डीचा रस्ता समुद्राला धरून जातो. एका हातास सुरूचीं झाडें आणि त्यांपलीकडे ओहोटीला कोठच्या कोठें मागें हटणारा समुद्र. दुसऱ्या हातास चिकूच्या बागा. पारशी आणि इराणी बागाईतदारांनीं जोपासलेल्या या बागांचें फळ एवढें नांवाजलेलें कीं, २०१६ सालीं घोलवडच्या चिकूस भौगोलिक मानांकन मिळालें. मृणालच्या सासूबाईंनीं चहाबरोबर वाळविलेल्या चिकूच्या फोडी पुढें केल्या. तीं फळें झाडावरून कशीं उतरवितात, कशीं धुतात, येथपासून बोलणें निघालें आणि रात्रीचे दहा वाजले.

दुसऱ्या दिवशीं शाळेच्या वेळेआधीं मृणालनें मला स्कूटरवर मागें बसवून कोसबाडला नेलें. छप्पन्नाव्या वर्षीं, पदर खोंचून, शिष्येच्या खांद्यास घट्ट धरून मीं केलेला तो प्रवास आमच्या पेठेंतील कोणी पाहिला नाहीं हें बरें झालें. टेकडी फार उंच नाहीं. झाडी दाट, वाटेवर वाळलेल्या पानांचा खच, आणि सकाळच्या थंडींत खालच्या पाड्यांवरून चुलींचा धूर सरळ वर चढत असलेला. बालवर्गाशीं ज्या बाईचा जन्माचा संबंध आला तिला हें ठिकाण क्षेत्रासारखेंच आहे.

भावनगरास गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीचें काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ सालीं बोर्डीस येऊन राहिल्या. वेठ आणि सावकारी यांविरुद्ध वारल्यांचें आंदोलन या भागांत उभें राहिलें तें त्याच वर्षीं. अशा मुलखांत बालशाळा काढली, तर मुलें येईनात. यावयाचीं तरी कशीं? आईबाप उजाडतांच मजुरीस जात, मोठें मूल धाकट्यास सांभाळी, आणि त्याहून मोठें गुरांमागें हिंडे. तेव्हां ताराबाईंनीं शाळाच उचलून पाड्यावर नेली. ती झोंपडीच्या अंगणांत भरे म्हणून तिला नांव पडलें अंगणवाडी. गुराख्यांसाठीं कुरणशाळा निघाली. १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर आलें, आणि १९७३ सालीं ताराबाई गेल्यावर अनुताई वाघांनीं तें पुढें नेलें. १९७५ सालीं केंद्र सरकारनें लहान मुलांच्या पोषणाची योजना सुरू केली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर झाला. आज तो उच्चारतांना आपल्या डोळ्यांपुढें अंगण येत नाहीं. एक खोली, एक पाटी आणि खिचडीचें पातेलें येतें.

परंतु मला टेकडीवर उभें राहून आठवली ती दुसरीच गोष्ट. माँटेसरीबाईंचीं साधनें अत्यंत नेमकीं, आणि म्हणूनच महाग. या दोघींनीं त्यांतलें तत्त्व घेतलें आणि साधनें भोंवतालचीं केलीं; खडे, शिंपले, बिया, पानें, काड्या. आमच्या शाळेंतहि माँटेसरीचा एक संपूर्ण संच आहे. तोहि अशाच एका देणगींतून आलेला. गुलाबी मनोरा, दंडगोल, मण्यांच्या माळा, सर्व कांहीं कांचेच्या कपाटांत आहे आणि कपाटास कुलूप आहे. एक ठोकळा हरवला तर सबंध मनोरा वायां जातो, या भीतीनें तें कुलूप पाहुण्यांच्या दिवशींच निघतें. पुढें संगणक आले, तेव्हां त्यांची खोली वेगळी झाली. चपला बाहेर काढून मुलें रांगेनें आंत जात, आठवड्यांतून एकदां, एका यंत्रापाशीं तिघें. आम्ही त्या खोलीस देवघरासारखेंच वागविलें, आणि त्या यंत्रांवर मुलें काय शिकलीं हें आज मला आठवूं म्हटल्या आठवत नाहीं. चाळीस टॅब्लेट कोणत्या कपाटांत बसतील हेंहि मला त्या क्षणीं स्पष्ट दिसलें.

मृणालची शाळा टेकडीखालच्या एका पाड्यावर आहे. पाड्याचें नांव देत नाहीं. तिला तें आवडणार नाहीं. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी मिळून सदतीस मुलें. बाहेरच्या भिंती गेरूनें सारवल्यासारख्या रंगविलेल्या, आणि त्यांवर पांढऱ्या रेघांचीं वारली चित्रें. दोन त्रिकोण टोकास टोक लावून जोडले कीं माणूस झाला. जिव्या सोमा मशे यांनीं ही कला जगभर नेली ते याच तालुक्यांतल्या गंजाडचे. फाटकावर 'डिजिटल शाळा' अशी पाटी आहे. २०१५ सालीं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम निघाला आणि गांवोगांवच्या शाळांनीं लोकवर्गणींतून पडदे आणि दूरदर्शनसंच घेतले, त्या काळची ती पाटी. येथेंहि भिंतीवर मोठा संच आहे. पाड्यावरच्या कोणी त्यासाठीं एका दिवसाची मजुरी दिली, कोणी कोंबडी विकून पैसे दिले. आज त्यावर मुलींनीं भरलेला कशिद्याचा रुमाल आहे. पावसाळ्यांत वीज गेली कीं दोन-दोन दिवस येत नाहीं, तेव्हां तो रुमाल काढण्याचाहि प्रसंग येत नाहीं. संचाखेरीज तीन टॅब्लेट आहेत. एकाची कांच तडकलेली, पण चालणारी.

प्रथम मीं वाईट तेंच पाहिलें, आणि तें सांगितलें पाहिजे. पहिलींतला एक मुलगा अक्षरओळखीचा खेळ खेळत होता. पडद्यावर चार अक्षरें, त्यांतलें 'म' कोणतें तें बोटानें दाबावयाचें, बरोबर आलें कीं टाळ्या आणि "शाब्बास!" त्या लबाडानें दोन मिनिटांत शोधून काढलें कीं, चारहि अक्षरें भराभर दाबलीं तरी अखेरीस शाब्बासकी मिळतेच. मग तो अक्षरांकडे पाहीचना. शाब्बासकी ही माझ्या धंद्यांतली वस्तु आहे; ती केव्हां द्यावी आणि केव्हां राखून ठेवावी यांत माझी निम्मी नोकरी गेली. ती अशी उधळलेली पाहून मला राग आला. दुसरें असें कीं, कांचेवर बोटानें गिरविलेलें अक्षर हाताला कांहींच सांगत नाहीं. पेन्सिलीनें कागद फाटतो, टोक मोडतें, जोर कमी करावा लागतो. या मोडण्या-फाटण्यांतूनच अक्षराला वळण येतें. मृणालला हें मीं सांगितलें. ती म्हणाली, "म्हणून तो खेळ पांच मिनिटंच. आणि पहिलीला पाटी-पेन्सिलच." कोपऱ्यांत पाट्यांची चळत होती खरी.

मग तिसरीच्या मुलांनीं मला आपला चित्रपट दाखविला. त्याची हकीकत अशी. पावसाळ्यांत एकदां वीज असतांना मृणालनें दूरदर्शनसंचावर बीं रुजण्याचें चित्र लावलें होतें. अर्ध्या मिनिटांत बीं फुटतें, कोंब वर येतो, दोन पानें उघडतात. शहरांतलीं मुलें हें पाहून टाळ्या वाजवितात. माझ्या वर्गानें वाजविल्या होत्या. येथें एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, हें खोटं आहे. वाल एवढ्या बिगीनं येत नाय." ज्याच्या बापाच्या परसांत वाल आहे त्यास कोण फसविणार? मृणालनें त्यास खालीं बसविलें नाहीं. तिनें नारळाची करवंटी आणविली, त्यांत माती घालून वालाचे दाणे पेरविले, आणि खिडकींत एका ठिकाणीं करवंटी व दुसऱ्या ठिकाणीं तीन विटांवर तो तडकलेला टॅब्लेट अशी मांडणी केली. रोज प्रार्थनेनंतर एका मुलानें एक फोटो घ्यावयाचा. विटा हलवावयाच्या नाहींत. असे तीन आठवडे गेले. मग ते सर्व फोटो भराभर एकामागून एक सरकविले, आणि त्या मुलाच्या स्वतःच्या करवंटींतला वाल त्याच्या डोळ्यांदेखत सहा सेकंदांत वाढला.

मला तो पुनः पुनः दाखविण्यांत आला. तेवढ्या अवधींत मुलें काय काय शिकलीं याचा मीं मनाशीं हिशेब करूं लागलें आणि मध्येंच सोडून दिला. एका ठिकाणीं मात्र तें रोप एकदम उडी मारी. हळूहळू वाढतां वाढतां धक्का बसल्यासारखें वर येई, पुढें पुनः तसेंच. मीं विचारलें, "हें असं कां होतं?" एक चिमुरडी, नाकांत चमकी, डोळे न उचलतां म्हणाली, "इथं रविवार होता. इथं आम्ही नव्हतों."

खिचडी वाटून झाल्यावर आम्ही दोघी ओट्यावर बसलों. टाळेबंदीचा विषय निघाला. शिक्षक जमले कीं तो निघतोच. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी सरकारी अभ्यासमाला रोज मोबाइलवर येऊं लागली. "इथं सगळ्या घरांत मिळून चार मोबाइल," मृणाल म्हणाली, "त्यांतले दोन बापाबरोबर कामावर जाणारे. आणि रेंज टेकडीवर चढल्याशिवाय नाहीं. लिंक कुणाला पाठवायची? मग बाहेर पडायची मुभा मिळाल्यावर मी चालत गेलें. घरीं धडा उतरवून घ्यायचा, तोंडाला फडकं बांधायचं आणि एकेका अंगणांत पांच-सहा मुलं लांब लांब बसवून दाखवायचा. दिवसाला दोन अंगणं व्हायचीं." तेव्हांच एकदां एका आजीनें आपल्या बोलींत रानांतल्या झाडांचीं नांवें सांगितलीं, तीं तिनें मोबाइलवर धरून ठेविलीं. आज तिच्याजवळ अशीं कितीतरी नांवें आहेत. पुस्तकांतली मराठी ही या मुलांची घरची बोली नव्हे. पहिलींतलें मूल गप्प बसलें कीं ती आधीं त्याच्या आजीचा आवाज लावते. हें सर्व ती अगदीं सहज सांगत होती, चिकू कसे उतरवितात हें तिच्या सासूबाई सांगत होत्या तसें.

मीं माझी हकीकत तिला सांगितली नाहीं. येथें लिहितें.

माझ्या घरीं इंटरनेट उत्तम. मुलानें टेबल लावून दिलें, मागें पुस्तकांचें कपाट येईल असें पाहिलें. २०२० च्या जूनपासून माझा दुसरीचा वर्ग पडद्यावर भरूं लागला. चाळीस मुलें, चाळीस लहान लहान चौकोन. त्यांत एक मुलगा होता, त्याला आपण विठ्ठल म्हणूं. आई पेठेंतल्या चार घरीं धुणीं-भांडीं करी. त्या दिवसांत तींहि कामें सुटलीं होतीं. बाप हमाल, आणि घरांत मोबाइल एकच, बापाचा. विठ्ठल पहिल्या आठवड्यांत तीन वेळां आला. खोलींत रेंज नसावी, कारण तो रस्त्याच्या कडेला कोठल्या तरी पायरीवर बसलेला दिसे, आणि गाड्यांचे कर्णे सर्व वर्गाला ऐकूं येत. पालकांची तक्रार आली. तिसऱ्या दिवशीं त्यानें तोंड उघडलें तोंच मीं बटण दाबून त्याचा आवाज बंद केला. माझ्या पडद्यावर एका वेळीं सगळीं मुलें दिसत नसत; त्यानें हात वर केला असेल तर तो मला दिसला नाहीं. चौथ्या दिवशीं तो आला नाहीं. हजेरी यंत्रच मांडीत असे. महिन्याच्या शेवटीं त्याच्या नांवापुढें शून्यें आलीं, इतरांच्यापुढें आंकडे आले, आणि तो तक्ता इतका सुबक होता कीं मीं तो तसाच मुख्याध्यापकांकडे धाडला. डिसेंबर २०२१ मध्यें लहान वर्ग पुनः भरले तेव्हां विठ्ठल तिसरींत दिसला नाहीं. दाखला मागावयासहि कोणी आलें नाहीं. आज तो सातवींत असावयाचा.

पहिले कांहीं महिने घराबाहेर पडणें शक्य नव्हतें, हें खरें. पुढच्या महिन्यांविषयीं तसें म्हणतां येत नाहीं. विठ्ठलचें घर दांडेकर पुलाकडे होतें, माझ्या घरापासून चालत जाण्याजोगें. मृणालकडे रेंज नव्हती म्हणून ती चालत गेली. माझ्याकडे ती होती, आणि मी खुर्चींतून उठलें नाहीं.

परतींच्या गाडींत मीं अहवाल लिहावयास घेतला. टॅब्लेट चाळीस नकोत, दहा पुरेत. पहिलीला एकहि नको. ते कपाटांत न ठेवतां वर्गांत, मुलांच्या हातीं पोंचतील असे असावेत, आणि फुटले तर शिक्षिकेस जाब विचारूं नये. जो खेळ चुकीच्या उत्तरासहि टाळ्या देतो तो वापरूं नये. येथपर्यंत लेखणी सरळ चालली. वैतरणेचा पूल ओलांडल्यावर मीं आणखी एक कलम घातलें: मार्च २०२० नंतर ज्या मुलांचीं नांवें दाखला न नेतां पटावरून गेलीं त्यांची यादी पत्त्यांसह काढावी, आणि उरलेल्या देणगीचा पहिला उपयोग त्यांस शोधण्याकडे करावा.

मंडळाच्या बैठकींत या शेवटच्या कलमावर थोडी कुजबुज झाली. देणगीची अट पाहतां असा खर्च करतां येणार नाहीं, आणि शिवाय तो प्रस्तुत विषयच नव्हे, असें ठरलें. टॅब्लेट पंचवीस घेण्याचें ठरलें. कुलपाविषयीं निर्णय मुख्याध्यापकांवर सोपविला. आमच्या कारकुनानें मात्र दुसऱ्याच दिवशीं, कोणी न सांगतां, जुने पट काढून माझ्या टेबलावर आणून ठेविले. नऊ नांवें निघालीं.

रविवारीं सकाळीं मी दांडेकर पुलाकडे चालत निघालें. घड्याळ लावून पाहिलें; सतरा मिनिटें लागलीं. खोलींत दुसरेंच बिऱ्हाड होतें. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनें, तीं माणसें टाळेबंदींतच बीडकडे गांवीं गेलीं असें सांगितलें, आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनें लिहून ठेवलेला एक फोन-नंबर दाखविला. एक आंकडा पुसट झाला आहे. तो तीन असावा किंवा आठ. दोन्ही नंबर मीं वहींत उतरवून घेतले आहेत.